मडमचं मनगट कोणी धरलं?

या सदरात लोक लिहितात ते मी नियमाने वाचते. खरं सांगायचं तर आतापर्यंत हसण्यासाठी वाचत आले. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या घरात भांडी आपोआप वाजतात... मी पान उलटते आणि चहा पिते. माझं शिक्षण नाशिकला इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून झालं. अशा गोष्टी ऐकल्या की ‘हे कुणी पाहिलं?’ असं विचारायची सवय तिथे लागली. आता अडचण अशी आहे की जे सांगायचं आहे ते मीच पाहिलं. आणि भर दुपारी पाहिलं.

आमचं गाव कळसाडी, शहादे तालुका. गावाबाहेर रस्त्याला लागून आमची आमराई आहे. शहाद्याहून तळोद्याकडे दौऱ्यावर निघालेल्या साहेबलोकांचा कॅम्प आजोबांच्या काळापासून या आमराईतच पडतो. दिवाळी झाली की तंबूंच्या गाड्या यायला लागतात, त्या होळीपर्यंत. जागा झाडून घ्यायची, पाणी, दूध, सरपण, बैलांना कडबा — हे सगळं आमच्या घराकडे. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचा अभिमान होता. पण साहेबांच्या मडमा बरोबर असल्या की त्यांची पंचाईत व्हायची. मी शाळा संपवून घरी आले त्या थंडीत त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं.

“तुले इंग्रजी येस ना? मंग मडमसंगे तूच बस. मी काय बोलू तिनासंगे — कापूसना भाव?”

मला अनोळखी माणसांशी बोलायचं म्हणजे घाम फुटतो. पण आप्पांना नाही म्हणता येईना. अशी मी आमराईची यजमानीण झाले. लढाई सुरू होण्याच्या आधीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

कॅम्पची एक रीत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मोठ्या साहेबांकडे तंबूंचे दोन संच असतात. एका संचात साहेब राहतात तोवर दुसरा पुढच्या मुक्कामाला रवाना होतो. साहेब पोचतात तेव्हा तंबू उभे, खाट घातलेली, चहाचं पाणी उकळत असतं. आणि प्रत्येक मुक्कामाला मांडणी तीच. निजायच्या तंबूतून बाहेर पडलं की डाव्या हाताला कचेरीचा तंबू, उजव्या हाताला जेवणाचा, त्याच्या मागे स्वयंपाकाचा. गाव बदलतं, झाडं बदलतात, पण साहेबांचं घर तेच राहतं.

त्या खेपेला जंगल खात्याचे एक वयस्क साहेब यायचे होते. नाव लिहीत नाही. त्यांचे तंबू लावायला आलेला जमादार मला म्हणाला, “बाईसाहब, यहाँ तो गडबड है.” उजव्या बाजूच्या आंब्यावर त्या वर्षी आग्या मोहोळ लागलं होतं — सुपाएवढं, काळं. त्याखाली चूल पेटवायची म्हणजे संकटच. “धुआँ लगा तो मक्खियाँ साहब को खा जाएँगी.” म्हणून त्याने जेवणाचा आणि स्वयंपाकाचा तंबू डाव्या हाताला लावला, कचेरीच्या पलीकडे. उजवीकडे मोकळी जागा राहिली, आणि त्या मोकळ्या जागेच्या टोकाला आमची मोटेची विहीर. मोटेच्या विहिरीला एका बाजूने कठडा नसतो. मोट वर येते तिथे ती उघडीच असते.

साहेब आणि मडम संध्याकाळी आले. मडम उंच, हाडकुळ्या, केस पांढरे. आवाज मात्र शाळेतल्या पी.टी.च्या बाईंसारखा खणखणीत. साहेबांनी त्यांना हात दिला तो गाडीतून उतरल्यापासून थेट जेवणाच्या तंबूपर्यंत सोडला नाही, आणि जेवण झाल्यावर तसाच हात देऊन निजायच्या तंबूत नेलं. मला ते छान वाटलं. आमच्याकडे नवरा-बायको रस्त्याने चालतात तेव्हा दोघांच्या मधून बैलगाडी जाईल इतकं अंतर असतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर साहेब जंगलाकडे गेले आणि मी मडमांजवळ तंबूच्या पडवीत बसले. आश्चर्य म्हणजे मला घाम फुटला नाही. का, ते थोड्या वेळाने कळलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बोलताना त्यांची नजर माझ्या कपाळाच्याही थोडी वर, आंब्याच्या बुंध्यावर असायची. चहा ओतताना त्यांनी कपात बोटाचं टोक घालून ठेवलं होतं. तंबूच्या कडेने जाताना त्यांचा हात प्रत्येक तणाव्याला, तंबू ताणून धरणाऱ्या दोराला, लागत होता — सहज, लहान मूल कुंपणाला हात लावत जातं तसा.

मग त्यांनी भरतकाम काढलं. “मला तो निळा धागा दे ग.” डब्यात निळे, हिरवे, जांभळे धागे गुंतले होते. मी निळा वेगळा करून त्यांच्या हातात ठेवला. मग न मागताच सुईही ओवून दिली.

त्यांचे हात थांबले. “तुझ्या लक्षात आलंय.”

“हो,” मी म्हटलं.

“कधी?”

“चहाच्या वेळी.”

त्या हसल्या. “माझ्या नवऱ्याच्या दोन वर्षांत लक्षात आलं नाही. त्याला झाडं बघायची सवय, माणसं नाही.” मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “कडेकडेने अजून थोडं दिसतं. मधे सगळं धुकं. त्याला सांगू नकोस. कळलं तर तो मला विलायतेला माझ्या बहिणीकडे धाडील. तिच्याकडे एक खोली आहे, खिडकीत खुर्ची आहे. मी त्या खुर्चीत बसून मरेन. इथे मला सगळं माहीत आहे... कॅम्प कुठेही असो, उजवीकडे वळलं की जेवण.”

आता वाचणाऱ्याला वाटेल, मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं की इथे उजवीकडे जेवण नाही. पण आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी त्या जेवणाच्या तंबूत जाऊन आल्या होत्या. त्यांना ते ठाऊक आहे असंच मी धरून चालले. उजवीकडे वळण्याचं बोलणं इतर मुक्कामांचं आहे असं मला वाटलं. साहेबांच्या हाताला धरून, गप्पा मारत जाणाऱ्या माणसाला डावं-उजवं जाणवत नाही, हे मला काय माहीत?

जेवणाची वेळ होत आली तशी मी दही आणायला घरी गेले. आमचं घर विहिरीच्या पलीकडे, मधे तुरीचं शेत. दह्याचं गाडगं घेऊन मी तुरीतून परत येत होते. मोट थांबली होती, बैल सोडून मोटकरी जेवायला गेला होता. विहिरीपाशी चिटपाखरू नव्हतं. आणि समोरून मडम येत होत्या. त्यांच्या तंबूचे तणावे संपले होते, मोकळी जागाही अर्धी संपली होती. हात पुढे करून, पुढचा तणावा शोधत त्या चालल्या होत्या. चाल अगदी ठाम — कारण हा रस्ता त्यांनी किती मुक्कामांवर तुडवला होता.

माझ्या आणि त्यांच्या मधे विहीर होती. मी ओरडले, “स्टॉप! स्टॉप!” गाडगं टाकलं आणि धावले. पण विहिरीला वळसा घालून पोचायला वेळ लागणार हे मला धावतानाच कळलं होतं. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांचा पाय विहिरीच्या उघड्या कडेवर आला.

आणि त्यांचा उजवा हात वर उचलला गेला.

हे मी मुद्दाम असं लिहितेय. त्यांनी हात उचलला नाही, तो उचलला गेला. लहान मुलाला मनगटाला धरून ओढतात तेव्हा मुलाचा हात जसा पुढे ताणला जातो आणि अंग मागून येतं, तसं. त्यांच्या झग्याची बाही मनगटापाशी ताठ झालेली मला दिसली. त्या वळल्या. विहिरीच्या कडेने, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याला वळसा घालून, परत आमराईत. पाण्याचा पाट आला तिथे त्यांनी पाय उंच उचलून टाकला. पुढे आंब्याची एक फांदी इतकी खाली आहे की तिथे मलाही वाकावं लागतं. तिथे त्या वाकल्या. त्यांच्याच तंबूमागून, कचेरीच्या मेखा चुकवून, एकदाही न अडखळता त्या जेवणाच्या तंबूच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे त्यांचा हात सुटला आणि खाली आला.

त्यांच्याबरोबर कोणी नव्हतं. डोक्यावर ऊन होतं. जमिनीवर सावली एकच होती, त्यांची.

मी धापा टाकत पोचले. त्यांना वाटलं, त्यांना हाताला धरून आणणाऱ्या बाईच्या मागून मी आले. “कुठे गेली ती? मला तिचे आभार मानायचे होते. चांगलंच ओढून आणलं हं तिने मला.”

“कोण बाई?” मी विचारलं.

“तुमच्यापैकीच. ‘आथा, माय, आथा’ म्हणत होती. म्हणजे काय?”

“इकडे,” मी म्हटलं. “इकडे ये.”

“हं. तसंच वाटलं मला.” मग त्यांनी विचारलं, “मी कुठे निघाले होते?”

मी सांगितलं. विहीर, मोहोळ, जमादार, सगळं. त्या खुर्ची चाचपून बसल्या. मी पाहिलेलं मात्र मी सांगितलं नाही. बाजूला कोणी नव्हतं, हे त्या क्षणी मला तोंडातून काढवेना.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “तिला शोधून आण. हात मी ओळखीन. रखरखीत होता, बोटांच्या टोकांना बारीक बारीक ओरखडे. आणि मनगटात बांगडी नव्हती.”

कापसाच्या दिवसांत आमच्याकडच्या प्रत्येक बाईची बोटं अशीच असतात, बोंडाच्या टरफलांनी ओरखडलेली. पण ऊन उतरल्यावर मी शेजारच्या शेतातून कापूस वेचणाऱ्या बायकांना बोलावून आणलं. घरून वहिनी आली, फुई आली — आप्पांची बहीण, ती आमच्याकडेच असते. मडमांना तुमचे हात बघायचे आहेत, एवढंच मी सांगितलं. त्याचा भलताच अर्थ झाला.

“हात दखस का वं मडम?” एक पोरगी पुढे घुसली. “मन्हं लगीन कवय व्हई, इचार ना तिले!”

“तुन्हं लगीन? पहिले नाक पुसाले शीक!” मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या.

फुई मागे सरकली. “मडमना हात धरीसन मंग मले आंग धोवनं पडी का वं?”

“धोवा की फुई,” वहिनी म्हणाली, “तेवढंच आंगले पानी लागी.” मग माझ्याकडे वळून, “आमन्या ताई मडमसंगे भलत्या बोलतस. आमनासंगे बोलाले तोंडले कुलूप!”

हे खरं होतं. मी सात वर्षांची असताना नाशिकला गेले. परत आले तेव्हा मला अहिराणी पूर्ण समजायची, पण तोंडातून निघायची नाही. चुकीचं बोलले तर हसतील, म्हणून मी बोलतच नसे. आप्पाही माझ्याशी अहिराणीत बोलायचे आणि मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायची.

मडमांनी प्रत्येकीचं मनगट हातात घेतलं आणि प्रत्येकीला आपलं मनगट धरायला लावलं. पोरीला सांग, लग्न पुढच्या थंडीत, असंही मला म्हणाल्या. पोरगी लाजून पळाली. वहिनीचा हात आला तेव्हा त्यांनी मान हलवली, “बांगड्या.” मग सगळ्यांचे डोळे फुईकडे गेले, कारण तिच्या हातात बांगड्या नाहीत.

“मन्हाकडे काय दखतस? मी त घर भाकरी करत व्हतू!”

तरी तिने हात पुढे केला. मडमांनी तो बराच वेळ धरून ठेवला. “नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “हिचा हात मोठा आहे.”

फुईने घरी जाऊन अंघोळ केली ती केलीच.

संध्याकाळी साहेब आले. मी चहाचं बघत होते. मडमांनी बसायला सांगितलं म्हणून बसले, नाहीतर नवरा-बायकोच्या बोलण्यात मी कधी थांबले नसते. त्या सरळ म्हणाल्या, “मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. आज विहिरीत पडत होते. आता तुला सांगायलाच हवं... आणि तुला मला धाडायचं तर धाड.”

साहेबांनी कप खाली ठेवला.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “गेल्याच्या गेल्या थंडीपासून. तू डोंगरावर माझ्याकडे पाहून हात हलवलास आणि तो मी नव्हतो, पळस होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू लपवत होतीस. तुला ते हवं होतं.” जमादाराला त्यांनीच हुकूम दिला होता, एक मेखसुद्धा इकडची तिकडे करायची नाही. इथे आल्याबरोबर त्यांना फरक दिसला होता. “सांगितलं असतं, की जेवण डावीकडे आहे, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. म्हणून हात धरून नेत राहिलो. दुपारी वेळेवर येणार होतो. लाकडाच्या डेपोवर अडकलो.” मग ते चेहरा झाकून बसले. “आणि तू विलायतेला का जाशील? मी कोणाबरोबर जेवू?”

मी उठून बाहेर आले.

तंबूपाशी आप्पा उभे होते, दिवे लागायच्या वेळी कॅम्पवर एक फेरी मारायची त्यांची सवय. आम्ही दोघं घराकडे निघालो. ते फार खुशीत होते. मला वाटलं, साहेबांनी काही चांगलं म्हटलं असेल.

“आज तू भारी हाक मारी वं,” ते म्हणाले.

“कधी?”

“दुपारले. मी तूरमा व्हतू. ‘आथा, माय, आथा!’ बठ्ठी आमराई घुमनी. तुन्हाच आवाज.” थोडं चालून ते परत म्हणाले, “मी मनमा म्हनं, आंडेर घर ऊनी एकदानी.”

मुलगी एकदाची घरी आली, असं त्यांना वाटलं होतं. मी ‘स्टॉप’ म्हणून ओरडले होते, आप्पा. दुसरं काही नाही. पण त्यांचा चेहरा पाहून मला ते सांगवलं नाही. ‘स्टॉप’ त्यांना ऐकूच आलं नव्हतं. मडमांनाही नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला. घाबरून माझ्याच तोंडून ते शब्द गेले असतील आणि मला कळलं नसेल, हे मी मानायला तयार आहे. मग मडमांनी आवाज ऐकला, त्या वळल्या, आणि हात धरल्याचा त्यांना भास झाला. ठीक. पण पाट? फांदी? आणि ती ताठ झालेली बाही? मी विहिरीबद्दलही चौकशी केली, कारण या सदरात विहीर आली की तिच्यात कोणीतरी बुडालेलं असतंच. आप्पा म्हणाले, आजोबांनी खोदल्यापासून तिच्यात एक घागर आणि एक कोंबडी पडली, दोन्ही निघाल्या.

पुढच्या थंडीत तोच कॅम्प परत आला. साहेबांची पेन्शनीआधीची ती शेवटची थंडी. मडम आता उघडपणे साहेबांच्या हाताला धरून चालायच्या आणि आंधळ्या असण्यावर स्वतःच विनोद करायच्या. मला त्यांनी विहिरीपाशी न्यायला सांगितलं. ऊन तसंच होतं. त्या कडेपासून थोडं अलीकडे, हात किंचित पुढे करून उभ्या राहिल्या. आम्ही बराच वेळ थांबलो. मोटकऱ्याचा बैल कान हलवत होता. काहीही झालं नाही.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बाजूला कोणी नव्हतं ते, आणि आप्पांनी आवाज कोणाचा म्हणून सांगितला तेही. त्या घाबरल्या नाहीत.

“आवाज मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “हात आठवतो. त्या दिवशी तू सगळ्यांचे हात आणलेस, तुझा नाही आणलास.”

मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. मी तेव्हा बांगड्या घालत नसे. त्या वर्षी वहिनीच्या हट्टाने कापूस वेचायलाही गेले होते, त्यामुळे बोटं रखरखीत होती. त्यांनी माझी बोटं एकेक करून चाचपली. त्यांनी काय म्हणावं अशी माझी इच्छा होती ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ती तू नाहीस.”

“बरं,” मी म्हटलं. आणि त्यांचं मनगट तसंच धरून मी त्यांना जेवायला घेऊन गेले.